मुलींच्या हाती खरं काम

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाच्या वेळी ट्रॅक्टरांच्या रांगांमधून फिरत बोली लावणारी माणसं पाहिली, की त्यांत बाई क्वचितच दिसते. तोच कांदा लावायला, खुरपायला, काढायला आणि निवडायला मात्र बहुतेक बायकाच असतात. याच समितीचं सभापतिपद सुवर्णा जगताप यांनी सांभाळलं, म्हणजे ही वाट बंद नाही. पण त्या वाटेने जाणाऱ्या बायका मोजक्या असण्याचं एक कारण मला शाळेत दिसतं. चार माणसांसमोर उभं राहून निर्णय घ्यायचा आणि तो निभावून न्यायचा, याचा सराव मुलींना वेळेवर मिळत नाही. कॅथलिक सिस्टरांच्या मुलींच्या शाळांनी हा सराव पिढ्यान् पिढ्या चालवला आहे. त्याची रचना नीट समजून घेतली, तर निफाड तालुक्यातल्या कुठल्याही शाळेला ती वापरता येईल.

या शाळांची परंपरा जुनी आहे. क्लॉडीन थेवने यांनी १८१८ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात जीझस अँड मेरी हा सिस्टरांचा संघ स्थापन केला. त्या संघाच्या सिस्टर १८४२ मध्ये आग्र्याला आल्या आणि १८६० मध्ये त्यांची पुण्यातली शाळा सुरू झाली. पाचगणीचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ चं, ते डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाने उभारलं. मला या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की इथे मुख्याध्यापक बाई, हिशेब बघणारी बाई, गवंड्याशी आणि सरकारी साहेबाशी बोलणारीही बाईच. मुलगी दहा वर्षं हे रोज पाहते. तिला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाची उगमस्थानं मांडली. आपल्यासारख्या माणसाला एखादं काम करताना पाहणं हे त्यांतलं एक. दुसऱ्यांनी दिलेला धीर हे आणखी एक, आणि घाबरल्यावर होणाऱ्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ हेही एक. पण सगळ्यांत भक्कम उगम म्हणजे स्वतः काम करून ते तडीस नेल्याचा अनुभव. कौतुकाची भाषणं ऐकून आलेला विश्वास पहिल्या अपयशात गळून पडतो, अडचणीतून पार पडलेल्या कामाने आलेला टिकतो.

म्हणून या शाळांमध्ये काम वयाप्रमाणे वाढवत नेतात. पाचवीतल्या मॉनिटरकडे फळा, हजेरीचा कागद, वर्गाची रांग. सातवी-आठवीत हाऊसची जबाबदारी येते. सगळी शाळा तीन-चार हाऊसमध्ये विभागलेली असते, आणि खेळ, वक्तृत्व, स्वच्छता यांचे गुण हाऊसच्या नावावर जमा होतात. त्यामुळे आठवीच्या मुलीला पाचवीच्या मुलींना सांभाळून घ्यावं लागतं. वरच्या वर्गात हेड गर्ल, क्रीडा कॅप्टन, सांस्कृतिक प्रमुख ही पदं. सहसा शिक्षक आधीची कामं बघून काही नावं काढतात, उमेदवार मुली परिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर दोन मिनिटं बोलतात, आणि मग मतदान होतं. पदग्रहणाला पालक येतात, मुलगी शपथ घेते, बिल्ला लावला जातो.

इथपर्यंतचं सगळं कोणतीही शाळा हुबेहूब करू शकते, आणि पुष्कळदा गाडी इथेच अडते. बिल्ला मिळालेली मुलगी वर्षभर फक्त ‘शांत बसा’ म्हणत फिरली, तर तिच्यात काहीच बदलत नाही. पदाला वजन येतं ते बिघडू शकणाऱ्या कामामुळे. क्रीडादिनाचं वेळापत्रक तिने केलं आणि दोन शर्यती एकाच वेळी आल्या, तर त्यातून वाट काढायची तिनेच. संमेलनाच्या खर्चाचा काही भाग तिच्या वहीत लिहिला जातो आणि शेवटी तो जुळावा लागतो. बाई शेजारी असतात, पण हात पुढे करत नाहीत. शिक्षकाच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड भाग हाच.

या पदांपलीकडे आणखी एक पद्धत आहे, आणि माझ्या मते ती पदांपेक्षा मोलाची. जोसेफ कार्डाइन या बेल्जियन धर्मगुरूंनी १९२५ मध्ये तरुण कामगारांची संघटना उभी केली आणि तिला तीन पायऱ्या दिल्या : पाहा, पारखा, कृती करा. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात हीच रीत उचलून धरली. भारतातल्या अनेक कॅथलिक शाळांत विद्यार्थ्यांचे छोटे गट याच पायऱ्यांनी चालतात, आणि त्यांत इतर धर्मांची मुलंही असतात.

लासलगावात हे कसं चालेल? समजा, खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलींचा पहिला तास वारंवार बुडतो. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे त्यांच्याकडे मोफत पास आहे, पण गाडी वेळेवर नाही. आठ-दहा मुलींचा गट बसतो. पहिली पायरी पाहण्याची : दोन आठवडे रोज गाडी किती वाजता आली आणि किती मुली उशिरा पोहोचल्या, याची वहीत नोंद. या पायरीवर मत द्यायचं नाही, फक्त लिहायचं. दुसऱ्या पायरीवर कारण शोधायचं. उशीर रोज होतो की बाजाराच्या दिवशीच? रस्त्यावरच्या ट्रॅक्टरांमुळे, की गाडी आगारातूनच उशिरा सुटते म्हणून? यात कोणाचं नुकसान होतं, आणि ते योग्य आहे का? तिसऱ्या पायरीवर आगारप्रमुखांना नोंदींसह अर्ज लिहायचा आणि दोन मुलींनी तो स्वतः जाऊन द्यायचा. त्यानंतर पुन्हा बैठक : काय झालं, काय राहिलं, पुढे काय.

गाडीची वेळ बदलेलच असं नाही. पण ज्या मुलीने टेबलापलीकडच्या साहेबाला आकडे दाखवून प्रश्न विचारला, ती पुढच्या वेळी कमी घाबरते. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याच्या काढणीला वर्गातले बाक रिकामे होतात, हा विषयही असाच हाताळता येईल. तो जास्त नाजूक आहे, कारण तिथे प्रश्न घरच्यांनाच विचारायचा असतो. तो आधी घेऊ नये.

अबोल मुलींचं काय, असं शिक्षक विचारतात. गटाचा इतिवृत्तांत लिहिण्याचं काम त्यांना द्यावं आणि पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला तो त्यांनीच वाचावा. स्वतः लिहिलेलं वाचताना आवाज लवकर स्थिरावतो. दर महिन्याला कामं फिरवावीत, नाहीतर चुणचुणीत चार मुलीच वर्षभर पुढे राहतात. कौतुकही नेमकं असावं. ‘शाब्बास’ म्हणण्यापेक्षा ‘वाद झाला तेव्हा तू दोघींचंही पूर्ण ऐकून घेतलंस’ हे मुलीला जास्त काळ पुरतं.

हे फक्त मुलींच्या शाळेतच जमतं का? २०१४ मध्ये अनेक देशांतल्या १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. काटेकोर तुलना केल्यावर, केवळ मुलींची शाळा असल्याने फारसा फायदा त्यात दिसला नाही. मला हा निष्कर्ष उमेद देणारा वाटतो. फरक घडवते ती रोजची रीत, आणि ती कुठेही नेता येते. जिल्हा परिषदेच्या शाळांत मीना राजू मंच आहे, शालेय मंत्रिमंडळ आहे, त्यांतून हेच घडू शकतं. सहशिक्षणाच्या शाळेत एवढंच जपावं लागेल, की हिशेब, मैदान आणि माइक मुलग्यांकडे आणि रांगोळी, स्वागतगीत मुलींकडे अशी आपोआप वाटणी होऊ नये.

घाईचं कारणही आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आज नववीत असलेल्या मुलींपैकी काही जणी दहा-पंधरा वर्षांत ग्रामपंचायतीत बसतील. तिथे ठराव मांडावा लागतो, खर्च तपासावा लागतो, आणि खुर्चीशेजारी बसून नवरा उत्तरं देऊ लागला तर त्याला थांबवावं लागतं. यांतली पहिली दोन कामं शाळेतच शिकवता येतात, तिसऱ्याची निदान तयारी होते.

सुरुवातीला नवी इमारत, निधी, परवानगी काही लागत नाही. जूनमध्ये एका वर्गात आठ-दहा मुलींचा एक गट, एक दोनशे पानी वही, आठवड्यातून एक तास, आणि उत्तर माहीत असूनही गप्प राहू शकणाऱ्या एक बाई. पहिला विषय मुलींनीच निवडावा आणि तो लहान असावा : पाण्याची टाकी, स्वच्छतागृहाची कडी, वाचनालयाच्या कपाटाची किल्ली. दिवाळीपर्यंत एक विषय पुरा झाला, की गटातल्या दोघींनी दुसऱ्या वर्गात जाऊन नवा गट सुरू करून द्यावा.