बेण्यामागची माणसं : तुरा आला, बरं झालं!

सांगली जिल्ह्यातल्या एका ऊसकरी वाचकाचं पत्र आलं आहे. प्रश्न रोकडा आहे : "तुरा आला की उसाचं वजन घटतं. मग तुमचे पैदासकार तुरा न येणाराच ऊस का काढत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. पावसाळा सरताना दिवस साडेबारा तासांच्या आसपास आला, की पोंग्याच्या आत नवं पान, नवं कांडं धरायचं सोडून फुलोरा धरू लागतो. उसाची वाढ तिथेच थांबते. तुरा आलेला ऊस उभा राहिला तर डोळ्यांना पांगशा फुटतात, कांड्यांत दशी पडते, साखर उतरते.

आणि पैदासकार नेमकी याच तुऱ्याची वर्षभर वाट बघत असतो! टिपरी लावली तर आधीचाच ऊस हुबेहूब उगवतो. नवा ऊस हवा तर बीच हवं. आता तुरा तळहातावर चोळून बघा. हाती येतो तो रुपेरी केसांचा कापूस. त्यातलं बी शोधायला भिंग लागेल. उसाच्या बियांपासून रोपं उगवतात, हे जावा आणि बार्बाडोसमध्ये पक्कं ठरलं ते १८८० च्या दशकाच्या शेवटी. ते बी कोणी निवडत बसत नाही. केसांसकट ओल्या मातीवर पसरतात. काही दिवसांत गवतासारखे कोंब दिसू लागतात, आणि एकाच तुऱ्यातली ही भावंडं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत : एक जाडजूड, एक काडीसारखं, एक गोड, एक रोगाला पहिल्या झटक्यात बळी पडणारं. अशा हजारोंतून एखादंच शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचतं.

उत्तर भारतात उसाला तुरा आणि बी नीट धरत नाही, कोइमतूरला धरतं. म्हणून १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र तिथे उभं राहिलं. बार्बर आणि व्यंकटरमण या शास्त्रज्ञांनी तिथे जाड 'वेल्लई' उसाचा संकर काश या काटक रानगवताशी केला आणि १९१८ मध्ये 'को २०५' दिला. 'को' म्हणजे कोइमतूर. आजही निरनिराळ्या राज्यांतले पैदासकार तुऱ्याच्या हंगामात तिथल्या बागेत जमतात, आणि सकाळच्या वेळी परागांनी भरलेला नर तुरा मादी तुऱ्यावर हलवला जातो.

आपल्या शिवारातला 'को ८६०३२' हा ऊस याच बागेचा. आई को ६२१९८. बाप कोसी ६७१, म्हणजे आपला 'वसंत १'. आकड्यातला ८६ हा १९८६ सालचा. महाराष्ट्रात 'नीरा' नावाने तो शिफारशीत आला १९९६ मध्ये. नंबर मिळाल्यावरही दहा वर्षांची पारख!

तेव्हा पत्रलेखकांना उत्तर असं : तुरा कधीच न येणाऱ्या उसाचा संकर करता येत नाही, त्याचे गुण पुढच्या वाणात उतरत नाहीत. पैदासकाराला हवा असतो तो कोइमतुरात फुलणारा आणि तुमच्या शेतात तुरा उशिरा किंवा कमी धरणारा ऊस. आणि यंदा तुरा आलाच असेल, तर तो फड तोडणीच्या यादीत वर घ्या, त्यातलं बेणं ठेवू नका.