पावलांवरचा पहारा

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल मागे टाकले, की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दृष्टीस पडतो. पक्षी पाहावयास आणि किल्ला चढावयास माणसे येथे हौसेने येतात, आणि १२.११ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यातून तृप्त मनाने परततात. परंतु ज्यांचे अवघे आयुष्य या डोंगराच्या पायथ्याशी जाते, भातलावणीच्या दिवसांत जी माणसे सकाळपासून सांजेपर्यंत खाचरातल्या चिखलात अनवाणी उभी असतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी सोलली तरी जी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चिखलात उतरतात, त्यांच्या पावलांकडे पाहण्याचा प्रसंग कोणावर सहसा येत नाही. अशा माणसास मधुमेह असला, म्हणजे मात्र ही बेपर्वाई त्याला फार महाग पडते.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की शरीरातल्या सर्वांत लांब मज्जातंतूंना, म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत पोहोचणाऱ्या तंतूंना, आधी इजा होते. प्रथम मुंग्या येतात, मग जळजळ होते आणि पुढे पाय बधिर होतात. घाम सुटेनासा होऊन त्वचा कोरडी पडते व टाचेला भेगा जातात. पावलांतले लहान स्नायू दुबळे होऊन बोटे आखडतात. साऱ्या देहाचा भार चवड्यावरच्या एखाद्याच जागी पडू लागतो, तेथे घट्टा धरतो, आणि त्या घट्ट्याखाली नकळत व्रण तयार होतो. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असल्या, तर जखम भरावयाची कशी? कोकणच्या बंदरांकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवून संकटाची वर्दी देण्याचे जे काम कर्नाळ्यावरील शिबंदीकडे होते, तेच काम शरीरात वेदनेकडे असते. ती वर्दी बंद पडली, म्हणजे काटा, खडा, चपलेचा खिळा किंवा शेकोटीचा चटका यांपैकी काहीही माणसास कळत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. अशा शंभर माणसांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला व्रण होतो, असा जाणकारांचा अंदाज आहे. मधुमेहामुळे जे पाय कापावे लागतात, त्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांची सुरुवात अशाच एखाद्या व्रणाने झालेली असते. याचा अर्थ असा, की व्रण आधीच ओळखता आला, तर पुष्कळ पाय वाचू शकतील.

बधिर पावलाचे हे शास्त्र प्रथम कुष्ठरोग्यांच्या सेवेतून उभे राहिले. वेल्लोर येथील शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी असे दाखवून दिले, की कुष्ठरोग्यांच्या हातापायांची झीज रोगजंतू स्वतः घडवीत नाहीत. संवेदना गेल्यामुळे त्याच जागी पुनःपुन्हा होणाऱ्या बारीकसारीक इजांतून ती घडते. पावलावरून हात फिरवून जी जागा आसपासच्या त्वचेपेक्षा ऊन लागेल, तेथे व्रण होऊ घातला आहे असे ते ओळखत. कुष्ठरोग्यांसाठी बनविलेली मऊ रबराची चप्पल, जिला दवाखान्यांत ‘एमसीआर चप्पल’ म्हणतात, ती आज मधुमेह्यांच्याही पायांत आहे. पनवेल तालुक्यातच नेरे येथे कुष्ठरुग्णांसाठी शांतिवन उभे आहे. तेव्हा बधिर पायाची निगा हा विषय या मुलखाला नवा नाही.

आता या जुन्या कामात यंत्राचे साहाय्य घेतले जात आहे. मशीन लर्निंगची रीत थोडक्यात अशी. हजारो रुग्णांचे वय, मधुमेहाची वर्षे, साखरेचे प्रमाण, मूत्रपिंडांची स्थिती, पावलांची तपासणी आणि पुढे व्रण झाला की नाही, हा सारा तपशील संगणकाला पुरवावयाचा. कोणत्या लक्षणांच्या संगतीने संकट आले हे त्याने त्या दफ्तरातून स्वतः हुडकावयाचे. आणि नवा रुग्ण आला, की त्याच्या धोक्याचा अंदाज सांगावयाचा. काही ठिकाणी पावलांची उष्णताचित्रे, तर काही ठिकाणी चालताना तळव्यावर पडणाऱ्या दाबाचे आलेख यंत्रास शिकविले जातात. ब्रँड यांच्या तळहाताला जे कळत असे, तेच उष्णतामापक गालिच्यालाही कळते. रुग्णाने रोज त्यावर क्षणभर उभे राहावयाचे, आणि दोन्ही पावलांच्या समान जागांच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसचा फरक सतत आढळला, तर ती इशारत समजावयाची. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १२९ रुग्णांच्या अभ्यासात अशा गालिच्याने ९७ टक्के व्रणांची चाहूल सरासरी ३७ दिवस अगोदर दिली. मात्र खोट्या इशाऱ्यांचे प्रमाणही ५७ टक्के होते.

खोट्या इशाऱ्यांचा हा हिशेब सामान्य वाचकाने नीट समजून घ्यावा. समजा, एका तालुक्यात १,००० मधुमेही आहेत आणि त्यांतल्या २० जणांना वर्षभरात व्रण होणार आहे. यंत्र दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक असले, तर ते त्या वीसांतले १६ बरोबर हेरील आणि ४ निसटतील. पण उरलेल्या ९८० जणांपैकी १९६ जणांनाही ते धोक्याच्या यादीत घालील. म्हणजे २१२ जणांच्या यादीत खरे संकट १६ जणांवरच. ही यादी पाय कापण्याची असती, तर भयंकर ठरली असती; ती पाय पाहण्याची, घट्टा तासण्याची आणि योग्य चप्पल देण्याची आहे, म्हणून ती उपकारक आहे. मात्र यादीबाहेर राहिलेल्या कोणालाही निश्चिंत राहण्यास सांगण्याचा अधिकार यंत्राला कोणी देऊ नये.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दहा अभ्यासांतील १६,३८५ रुग्णांची माहिती एकत्र करून ब्रिटनमधील संशोधकांनी जे गणित मांडले, त्यात व्रणाचा धोका ओळखण्यास तीनच प्रश्न पुरेसे ठरले: नायलॉनच्या तंतूचा स्पर्श कळतो काय, पावलाची नाडी लागते काय, आणि पूर्वी व्रण किंवा अंगच्छेद झाला आहे काय. तंतूची ही तपासणी प्रत्यक्ष पाहावी इतकी साधी आहे. रुग्णास डोळे मिटावयास सांगतात, तंतूचे टोक अंगठ्याच्या तळाशी, मग चवड्यावर, तो वाकेपर्यंत सुमारे सेकंदभर टेकवितात आणि विचारतात, “लागतंय का? कुठल्या पायाला?” तंतू वाकला, म्हणजे दहा ग्रॅमचा भार पडला. घट्ट्यावर तो टेकवावयाचा नसतो, कारण तेथे निरोग्यालाही स्पर्श कळत नाही. तंतू टेकून वाकला तरी रुग्ण गप्प राहिला, की त्या पावलाचा पहारा उठला असे समजावे.

यंत्राची खरी अडचण याच ठिकाणी आहे. पाऊल पाहिलेच नाही, तर केसपेपरात त्याचा रकाना रिकामा राहतो, आणि रिकाम्या रकान्याला ‘सर्व ठीक’ समजणारे यंत्र नेमक्या दुर्लक्षित माणसांनाच सुरक्षित ठरविते. शिवाय बूट-मोजे घालणाऱ्या शहरी पावलांवर शिकलेले यंत्र चिखल्यांनी सोललेले, भेगाळलेले कर्नाळ्याचे पाऊल कसे ओळखणार? त्याला येथल्या नोंदी हव्यात. त्याची सुरुवात अवघड नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाचे आरोग्य-तपासणीचे पत्रक भरताना आशा कार्यकर्त्या तळव्यांना वारंवार मुंग्या येतात काय, तेथे वारंवार व्रण होतात काय, हे विचारतातच. हे प्रश्न मुख्यतः कुष्ठरोग हुडकण्यासाठी घातलेले असले, तरी मधुमेह्यांच्या बाबतीतही ती उत्तरे जपून ठेवावीत, आणि त्यांना तंतूच्या तपासणीची व नाडीची जोड द्यावी. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियातील डॉ. अब्बास यांच्यासमवेत ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमातून डॉक्टर व परिचारिका यांच्या जोड्यांना पायांच्या निगेचे शिक्षण दिले. यंत्राने वर्दी दिल्यावर धावून जावयास अशीच माणसे लागतात. ती नसतील, तर अचूकातले अचूक भाकीतही कागदावरच राहील.

यंत्र येथपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचो. तोवर ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी रोज रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे पाहावेत, आरसा धरून किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. बधिर पाय कधी शेकू नयेत. चप्पल घालण्यापूर्वी झटकावी. घट्टा किंवा कुरूप घरी ब्लेडने कापू नये. लावणीच्या दिवसांत चिखल्या झाल्या, तर त्या किरकोळ समजू नयेत. आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता चप्पल काढून म्हणावे, “डॉक्टर, माझे पायही पाहा.”