फोटोतलं 'चर्च' : पुण्याचं लाल देऊळ

बेळगाव, निपाणीकडच्या घरांतून जुने आल्बम निघतात, त्यात पुण्याचे फोटो असतातच. 1956 पर्यंत आपण मुंबईकडचे, त्यामुळे शिक्षण, नोकरी, पलटण, सगळ्याला पुण्याची वाट. अशाच आल्बमात पुणे कॅम्पातली एक इमारत दिसते : उंच मनोरा, त्यावर घड्याळ, टोकदार कमानींच्या खिडक्या. बघणारा पटकन म्हणतो, "चर्च आहे की हे!" यात नवल नाही. आपल्या कॅम्पातलं सेंट मेरी चर्च त्याच 1860 च्या दशकातलं आणि त्याच गॉथिक वळणाचं, डोळ्याला सवय तीच. शिवाय फोटो काळा-पांढरा. ज्या रंगावरून पुणेकर ही इमारत ओळखतात, तो रंगच त्यात नाही.

हे चर्च नव्हे. हे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. लाल विटांमुळे लोकांनी त्याला 'लाल देऊळ' केलं. गंमत बघा, कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. दिसायला चर्च, बोलण्यात देऊळ आणि मशीद!

बांधवून घेतलं डेव्हिड ससून यांनी. बगदाद सोडून 1832 च्या सुमारास मुंबईत आलेला हा व्यापारी. इमारत पुरी झाली 1867 साली, पण ससून 1864 मध्येच पुण्यात वारले. त्यांची समाधी याच आवारात आहे. ज्यू रिवाजात प्रार्थनास्थळाला लागून कबर सहसा नसते, इंग्रजी चर्चच्या आवारात मात्र असते. म्हणजे फोटोत समाधी आली तर गैरसमज आणखीच पक्का.

नकाशा काढणारे हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स हे लष्करी इंजिनिअर. पुण्याचं ससून हॉस्पिटल आणि मुंबईचं जुनं सेक्रेटेरिएटही त्यांचंच. गॉथिक कुठून आलं, त्याचं उत्तर इथं मिळतं. युरोपात त्याच काळात सिनेगॉग कुठल्या शैलीत बांधावं यावर वाद चालू होते. गॉथिक म्हणजे चर्चची शैली, म्हणून बुडापेस्टचं डोहानी रस्त्यावरचं (1859) आणि बर्लिनचं नवं सिनेगॉग (1866) दोन्ही मूरिश धाटणीची, घुमटांची झाली. लंडनचं बेव्हिस मार्क्स (1701) तर रस्ता सोडून आत चौकात दडलंय. पुण्यात मात्र सुमारे 90 फुटी मनोरा उघड उभा राहिला. माझ्या मते इथं गॉथिक ही धर्माची खूण राहिलीच नव्हती. हॉस्पिटल, कचेरी, कॉलेज सगळं त्याच साच्यातलं, ती सरकारी आणि प्रतिष्ठेची शैली झालेली.

खरी ओळख आत गेल्यावर पटते. तिथं वेदी नाही, मूर्ती नाही, क्रूस नाही. तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, त्याला हेखाल म्हणतात, ते यरुशलेमच्या बाजूला असतं. युरोपातून यरुशलेम पूर्वेकडं, आपल्याकडून पश्चिमेकडं. चर्चची वेदी परंपरेनं पूर्वेला. म्हणजे बाहेरचा साचा इंग्रजी, पण आत भक्तांचं तोंड नेमकं उलट दिशेला. वाचन होतं ते तेबा नावाच्या चौथऱ्यावरून, आणि वरचे सज्जे बायकांसाठी.

फोटोत आतलं काही दिसत नाही, हीच अडचण. तेव्हा आधी मनोऱ्याचं टोक भिंग लावून बघावं : क्रूस आहे का? फोटो पुसट असला तर नुसत्या न दिसण्यावर विसंबू नये. मग शेजारी समाधीची छोटी इमारत येते का ते पाहावं, आणि मनोऱ्यावरचं घड्याळ. रास्ता पेठेतलं बेने इस्राएलांचं सुक्कत शेलोमो (1921) अंगानं साधं, त्याला कुणी चर्च म्हणणार नाही.

मागच्या बाजूला 'चर्च, पुणे' असं लिहिलेलं आढळलं तर ते खोडू नका. खाली हलक्या पेन्सिलीनं 'ओहेल डेव्हिड, लाल देऊळ' असं लिहा आणि लिहिल्याची तारीख घाला. घरच्यांनी ते काय समजून जपलं होतं, तेही कागदावर राहू दे.