व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? आधी स्पीकर पाहा

घरी संगीत ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घ्यावा की ट्रान्झिस्टरचा, हा वाद जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढील तीन दशकांत घरगुती उपकरणांतून व्हॉल्व्ह जवळपास हद्दपार झाले. तरीही १९३०च्या दशकातील ‘३००बी’ हा व्हॉल्व्ह आजही तयार होतो.

व्हॉल्व्हच्या आवाजातील ज्या गोडव्याची वाखाणणी होते, तो वस्तुतः एक दोष आहे. एकाच ३००बीवर चालणारा ॲम्प्लिफायर मूळ स्वरात दुप्पट कंप्रतेचा, म्हणजे वरच्या सप्तकातील तोच स्वर किंचित मिसळतो. तो कानाला खुपत नाही. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये अशी भेसळ नगण्य असते. मात्र क्षमतेपलीकडे आवाज वाढवल्यास तो एकदम कर्कश होतो.

खरी अडचण शक्तीची आहे. अशा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधून प्रत्येक स्पीकरला जेमतेम ८ वॅट मिळतात. ९५ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरला ते पुरतात. ८६ डेसिबलच्या स्पीकरमधून तेवढाच आवाज हवा असल्यास आठपट, म्हणजे ६४ वॅट लागतात. असा स्पीकर घरात असेल, तर ट्रान्झिस्टरच घेणे शहाणपणाचे.

शिवाय व्हॉल्व्ह काही हजार तासांनी बदलावे लागतात. आतील दाब काहीशे व्होल्टचा असतो आणि वीज बंद केल्यावरही काही काळ टिकू शकतो. त्यामुळे झाकण घरी उघडू नये, तसेच स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर सुरू करू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळण्याची शक्यता असते.