दोन दांडे, दोन पट्टे

वसईच्या खाडीकाठी, खाजणाच्या जमिनीत पावसाळ्यात ट्रॅक्टर घातला की मागची चाकं जागच्या जागी फिरू लागतात आणि बघता बघता आस चिखलाला टेकतो. ट्रॅक्टर जड म्हणून रुतला, असं आपण म्हणतो. खरं तर तो रुततो सगळं वजन चार लहानशा जागांवर टेकल्यामुळे. कॅलिफोर्नियात स्टॉक्टनच्या आसपासची नदीमुखाची जमीनही अशीच भुसभुशीत. तिथल्या बेंजामिन होल्टने वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून त्या जागी साखळीवर फळ्या जडवलेले पट्टे बसवले आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी तो शेतात चालवून पाहिला. ट्रॅक्टर रुतला नाही. होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या १९२५ मध्ये एक होऊन कॅटरपिलर कंपनी झाली, आणि १९३१ मध्ये तिचा पहिला डिझेल क्रॉलर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर, आला.

मुंबईशी या यंत्राचं नातं जुनं आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा लष्कराला नकोशी झालेली कॅटरपिलर यंत्रं स्वस्तात मिळत होती, पण ती घेण्याएवढा पैसा भागीदारीच्या गल्ल्यात नव्हता. जादा भांडवल उभं करायचं म्हणून ७ फेब्रुवारी १९४६ रोजी लार्सन अँड टुब्रो ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या पायात हे पट्ट्यांचे ट्रॅक्टर आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं तेही मुख्यतः अशाच यंत्रांसाठी. कारण मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत खोल मुळं रोवून बसलेलं कांस गवत बैलाच्या नांगराला दाद देत नव्हतं. १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड (बीईएमएल) स्थापन झाली, कोलारच्या कारखान्यातून जपानच्या कोमात्सू कंपनीच्या आराखड्याचे डोझर निघू लागले आणि जुनी आयात यंत्रं हळूहळू भंगाराच्या वाटेला लागली.

त्यातलं एखादं वाचवायला निघालेल्याला माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: इंजिन धडधडलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. जुन्या कॅटरपिलरचं डिझेल इंजिन सुरू करायला शेजारी दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असतं. ते आधी चालवायचं, मग त्याच्या जोरावर मोठं फिरवायचं. हा सोहळा पाहायला माणसं जमतात, फोटो निघतात. पण क्रॉलरचं खरं मर्म इंजिनच्या मागे, सीटखाली आहे. चाकांच्या ट्रॅक्टरला वळवायला स्टिअरिंग वेगळं असतं. इथे पुढे ढकलणं आणि वळवणं ही दोन्ही कामं एकाच ट्रान्समिशनला करावी लागतात.

कॅटरपिलरच्या जुन्या रचनेत ताकदीची वाट अशी: इंजिन, हाताच्या दांड्याने लागणारा मास्टर क्लच, गिअरबॉक्स, मग बेव्हल पिनियन आणि क्राउन. क्राउनच्या दोन्ही अंगांना एकेक स्टिअरिंग क्लच, त्यावर ब्रेकचा पट्टा, पुढे फायनल ड्राइव्हची मोठी गिअरं आणि शेवटी स्प्रॉकेट. डावीकडे वळायचं तर डावा दांडा ओढायचा. त्या बाजूचा क्लच सुटतो, उजवा पट्टा ढकलत राहतो. अजून तीव्र वळण हवं तर डावा ब्रेक दाबायचा.

उतारावर मात्र हेच गणित उलटतं. यंत्र खाली घरंगळू पाहतं आणि इंजिन दोन्ही पट्ट्यांना मागे धरून ठेवतं. अशा वेळी डावा दांडा ओढला तर डावा पट्टा मोकळा होऊन पुढे धावतो, उजवा धरलेलाच राहतो आणि यंत्र उजवीकडे वळतं. चाकांच्या ट्रॅक्टरची सवय घेऊन इथे बसणाऱ्याने हे आधी पक्कं डोक्यात बसवावं.

बाकीच्या कंपन्यांनी ढकलण्याचा आणि वळवण्याचा हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. क्लीव्हलंडच्या क्लेट्रॅकने कंट्रोल्ड डिफरन्शियल वापरला. त्यात वळतानाही दोन्ही पट्ट्यांना ताकद मिळत राहते, एक हळू आणि एक जलद, पण एक पट्टा पूर्ण थांबवून जागच्या जागी वळता येत नाही. हीच पद्धत शर्मन रणगाड्यात होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या १९४७ च्या टीडी-२४ मध्ये प्रत्येक पट्ट्याला प्लॅनेटरी गिअरने स्वतःची जलद आणि संथ गती दिली. भरल्या ओझ्यानिशी वळण घेताना ताकद तुटत नाही, म्हणून मला ही रचना सगळ्यात देखणी वाटते. त्याच वर्षी ॲलिस-चाल्मर्सने एचडी-१९ ला टॉर्क कन्व्हर्टर लावला. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल आलं.

एकाच नावाच्या यंत्रातही फरक असतात आणि तिथेच पैसे बुडतात. कॅटरपिलरच्या युद्धानंतरच्या डी-२ मध्ये ४यू मालिकेच्या दोन पट्ट्यांतलं अंतर ४० इंच, ५यू चं ५०. डी-४ मध्ये ६यू ४४ इंची, ७यू ६० इंची. पंचावन्न सालच्या डी-८ मध्ये १४ए ला साधा क्लच, तर दिसायला तशाच १५ए ला टॉर्क कन्व्हर्टर. म्हणून भंगारातून सुटा भाग उचलण्याआधी सीरियल नंबरची पट्टी घासून वाचावी. ती उपटून निघालेली असेल तर ब्लॉकवरचा नंबर शोधावा. रंग सगळ्यात शेवटी.

वसईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या यंत्राच्या सीटखालून पाणी आत जातं. कोरड्या स्टिअरिंग क्लचच्या पोलादी आणि अस्तराच्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. दांडा ओढला तरी क्लच सुटत नाही. उलट बेव्हलकडचं सील गेलं तर तेल चकत्यांवर येतं आणि त्या घसरू लागतात. तेल लागलेल्या चकत्या रॉकेलने धुऊन कधी कधी काम भागतं. गंजाने धरलेल्या मात्र बहुतेक वेळा उघडाव्याच लागतात. क्राउन आणि पिनियन ही एकमेकांशी जुळवलेली जोडी असते. एकट्याला बदलू नये, आणि बेअरिंगखालचे शिम कोणत्या बाजूचे, हे काढतानाच लिहून ठेवावं. दातांना निळा रंग लावून चाक फिरवलं की स्पर्शाचा ठसा उमटतो. तो दाताच्या टोकाला सरकला असेल तर आवाज येणार आणि दात खवले टाकणार.

पट्ट्याचं काम त्याहून जड. बुश एकाच अंगाने झिजतो, म्हणून शंभर टनांच्या घरातल्या प्रेसवर पिन आणि बुश बाहेर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवतात. वेळेत केलं तर पट्ट्याला दुसरं आयुष्य मिळतं. बुश आरपार झिजला तर फिरवण्यात अर्थ नाही. स्प्रॉकेटमध्येही असाच विचार आहे: अनेक कॅटरपिलर यंत्रांत त्याचे दात विषम, २५ किंवा २७, आणि बुश एकाआड एक खाचेत बसतो. त्यामुळे एका फेऱ्यात जे दात काम करतात ते पुढच्या फेऱ्यात विसावतात आणि झीज अर्धी वाटली जाते.

वसई पूर्वेला गोखिवरे, सातिवली, वालीवच्या औद्योगिक वसाहतींत लेथ, मिलिंग आणि उष्णता-प्रक्रियेची कामं करणारे गाळे आहेत. फायनल ड्राइव्हचं सरळ दातांचं गिअर, शाफ्ट, बुशिंग ही कामं अशा गाळ्यांत होऊ शकतात. अट एवढीच की नमुना म्हणून झिजलेला भाग देऊन ‘असाच करा’ म्हणू नये. झिजलेल्याची नक्कल झिजलेलीच होते. दात किती, मूळ माप काय, कठीणपणा पृष्ठभागापासून किती खोल, हे कागदावर द्यावं. बेव्हलची जोडी मात्र इथे कापून घेण्यापेक्षा त्याच मालिकेच्या दुसऱ्या यंत्रातून पूर्ण संच मिळवणं बरं.

सगळं बसलं की पहिली चाचणी सपाट, कोरड्या जागी, पहिल्या गिअरमध्ये आणि ओझ्याशिवाय घ्यावी. अर्ध्या तासाने थांबून दोन्ही फायनल ड्राइव्हच्या कवचांना हात लावून पाहावा. एक कोमट आणि दुसरं चटका देणारं असेल, तर त्या बाजूचं बेअरिंग जास्त आवळलं गेलं आहे, नाहीतर तेल कमी आहे. ती बाजू पुन्हा उघडावी.