कार्ड 0 म्हणजे नक्की कोणतं?

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय : काल सगळं बरोबर होतं, आज मशीन चालू केलं तर माइकच बदलला, असं का?

हा प्रश्न मला महागात पडलाय. एका वयस्कर गायिकेची मुलाखत मी त्यांच्या घरी जाऊन रेकॉर्ड केली, चांगला दीड तास. परत येऊन ऐकतो तर वेबकॅमच्या माइकनं टिपलेली पंख्याची घरघर, आणि तिच्यामागे कुठेतरी बाई.

आता बघा, लिनक्समध्ये साउंड कार्डांचा कारभार अल्सा बघतं. ते कार्डांना 0, 1, 2 असे नंबर देतं. पण हा नंबर कार्डाचा नसतो, रांगेतल्या जागेचा असतो. मदरबोर्डवरचं कार्ड, एचडीएमआयचं, यूएसबीचं, वेबकॅमचं. ज्याची नोंद आधी झाली त्याला आधीचा नंबर. मशीन सुरू होताना ड्रायव्हर एकाच वेळी लोड होत असतात, त्यामुळे क्रम रोज तोच राहील याची खात्री नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. (हशा) मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं, कार्ड 1 वरून रेकॉर्ड कर. त्यानं इमानानं केलं!

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हरला इंडेक्स ठरवून द्या. देता येतो. यूएसबी ऑडिओला उणे 2 दिला तर ते 0 सोडून पुढची मोकळी जागा घेतं. पण माझा वेबकॅम आणि माझं रेकॉर्डिंगचं कार्ड, दोघांचा ड्रायव्हर एकच! तिथे हा उपाय लंगडा पडतो.

म्हणून नंबर सोडा, नाव वापरा. प्रत्येक कार्डाला एक छोटं नाव असतं, कार्डांच्या यादीत ते चौकटी कंसात दिसतं. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये नंबराच्या जागी ते लिहायचं. दोन कार्डं अगदी सारखी असली तर मात्र दुसऱ्याच्या नावापुढे 1 चिकटतो, म्हणजे पुन्हा रांग आलीच. स्वस्त कार्डांना बऱ्याचदा सीरियल नंबरही नसतो. मग यूडेव्हचा नियम लिहायचा : अमुक यूएसबी पोर्टवर जे कार्ड येईल त्याचं नाव 'गायक', तमुकवरच्याचं 'तबला'. नाव रोमन अक्षरांत, 15 अक्षरांच्या आत. आणि पोर्टजवळ रंगीत टेप लावायची, कारण घाईत आपणच केबल चुकवतो.

केबल तिसऱ्याच पोर्टला लावली तर? 'असं कार्ड नाही' म्हणून प्रोग्रॅम थांबतो. ते मला चालतं. पंखा रेकॉर्ड झालेला चालत नाही.