एच. डी. वाहिन्यांचें मोल

घरांत मोठा दूरचित्रवाणी-संच आला, कीं एच. डी. वाहिन्यांसाठीं जादा वर्गणी भरावी कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहतोच. गृहखर्चांत दरमहा भर घालणारी ही बाब हौसेपेक्षां हिशेबानें ठरावी, असें आम्हांस वाटतें.

साध्या चित्रांत ५७६ ओळी व प्रत्येक ओळींत ७२० ठिपके असतात, एच. डी. चित्रांत १०८० ओळी व प्रत्येकींत १९२० ठिपके. म्हणजे ठिपके बरोबर पांचपट झाले. परंतु ते डोळ्यांस दिसावयास हवेत ना! निरोगी दृष्टि एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा भेद ओळखते. या मापानें ३२ इंची पडद्यापासून आठ फुटांपलीकडे बसणारास हा फरक जवळजवळ जाणवणार नाहीं. ५५ इंची पडद्यास मात्र हीच मर्यादा सुमारें तेरा फुटांवर जाते. आपले दिवाणखाने बहुधा त्याहून लहानच.

शिवाय धांवत्या चेंडूस किंवा वन्य पशुपक्ष्यांच्या चित्रणास स्पष्टतेची जी गरज, ती बातम्यांस वा कीर्तनास नाहीं. भारतांत २०१७ च्या दरविषयक आदेशानें ग्राहकास सुटी वाहिनी निवडण्याची मुभा मिळाली आहे. तिचा लाभ घेऊन खेळाची एखाददुसरी वाहिनी तेवढी एच. डी. घ्यावी, बाकीच्या साध्याच ठेवाव्या.

आणि चित्र अंधुक दिसतें अशी घरांतील वडीलधाऱ्यांची तक्रार असेल, तर वर्गणी वाढविण्यापूर्वीं त्यांच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.